चष्मा काढून सांगितलेली बातमी

ठमीच्या नाकावर चष्मा आणि राग दोन्ही शेजारी शेजारी बसलेले असत, पण राग फक्त घरच्यांना दिसे. बाकी शहराला ती ठाऊक होती ती संध्याकाळच्या बातम्या देणारी बाई म्हणून. ताठ मान, शांत चेहरा, आणि आवाज असा की पूर येवो की कुणी सामना जिंको, सूर तोच. वीस-बावीस वर्षं लोक तिच्या तोंडाकडे बघत घास गिळत आले होते. ठमी हे तिचं लाडाचं नाव, वडिलांनी ठेवलेलं. पन्नाशीला आली तरी त्यांच्या तोंडून ते सुटलं नव्हतं.

वडील म्हणजे नाना. हृदय अशक्त, जीभ सशक्त. मुलीची एकही बातमी ते चुकवत नसत आणि कौतुकाचा एक शब्दही काढत नसत. पण तिच्याबद्दलची एक गोष्ट त्यांनीच पहिल्यांदा हेरली होती. फार वर्षांपूर्वी नदीवरचा पूल कोसळला, तेव्हा बातम्या चालू असतानाच कुणीतरी तिच्यासमोर एक चिठ्ठी सरकवली. तिने ती वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं. घरी आल्यावर नाना म्हणाले, "खरोखर वाईट काही असलं की तू चष्मा काढतेस. तुला ठाऊक आहे का?" तिला ठाऊक नव्हतं. पण तेव्हापासून नानांचा शिरस्ता ठरून गेला. चष्मा नाकावर असेपर्यंत जेवण चालू ठेवायचं, चष्मा उतरला की हातातला घास खाली.

आता वाहिनीचे प्रेक्षक कमी होत चालले होते आणि साहेबांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. त्यांना भयपट हवा होता, पण बातमीच्या वेषातला. आत्ता, या घटकेला, आपल्याच शहरात घडतंय असं वाटायला हवं. हलणारा कॅमेरा, धापा टाकणारा वार्ताहर, मध्येच तुटणारा आवाज, आणि हे सगळं सांगायला, सजवून बसवलेली नटी नको, ठमीच हवी. "लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे ना, म्हणून," साहेब म्हणाले. म्हणजे दुकानातला सगळ्यात चांगला माल विकायला काढायचा तो हाच, हे त्यांनी इतक्या गोड शब्दांत सांगितलं की तिला तो मान वाटला.

तरी तिने दोन अटी घातल्या. पडद्याच्या तळाशी पहिल्यापासून शेवटपर्यंत पट्टी हवी, ‘हा चित्रपट काल्पनिक आहे’. आणि वरच्या कोपऱ्यात ‘थेट’ हा शब्द नको. तो लाल शब्द या वाहिनीवर खोट्या गोष्टीला कधी लागला नव्हता आणि तो लागू नये म्हणून ती अनेकांशी भांडलेली होती. साहेब म्हणाले, "अर्थातच." या माणसाचं ‘अर्थातच’ म्हणजे बुडबुडा, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

गोष्ट साधीच होती. एका वसाहतीत लोकांच्या दारावर थाप पडते. बाहेर त्यांचीच माणसं उभी, तोच चेहरा, तोच आवाज. पण ती माणसं नसतात. दार उघडलं की संपलं.

दिग्दर्शक तरुण, हुशार आणि अभ्यासू. वाईट काम करायला एवढे तीन गुण पुरेसे असतात. ठमीच्या वाट्याला आलेलं वाक्य होतं, "ते तुम्हाला फसवतील." ती म्हणाली, "बातमीत असं कुणी बोलत नाही. असं म्हणू या, ते तुमच्या घरातल्या गोष्टी सांगतील. काळजीने, गोड बोलतील. घाई करतील. फोन आला तरी उचलू नका, दार उघडू नका." दिग्दर्शक खूश झाला आणि खरं सांगायचं तर तीही खूश झाली. काम नीट करायची खोड, दुसरं काय.

मग तो म्हणाला, "एवढं बोलताना चष्मा काढाल? पुलाच्या वेळी काढला होतात तसा. मी जुनं चित्रण बघितलंय."

तिचा हात क्षणभर थांबला. पण समोर दिवे लागलेले, सगळे ताटकळलेले. तिने चष्मा काढला.

घरी येऊन तिने नानांना सगळं समजावून सांगितलं. "रविवारी दाखवणार आहेत. मी असेन तुमच्या शेजारी. आणि खाली पट्टी असेल. पट्टी दिसली की समजायचं, खोटं."

"आणि पट्टी नसली तर?"

"तर खरी बातमी. तुम्ही पण ना नाना, काहीही विचारता."

शुक्रवारी तिला सुट्टी होती. नानांची जिभेखाली ठेवायची गोळी संपली होती, ती आणायला ती संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेली. गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलं आणि पाहते तर दुकानदार हलायला तयार नाही. तो एकदा तिच्याकडे बघत होता, एकदा तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे. तिने वळून पाहिलं. भिंतीवरच्या टीव्हीत ती स्वतः बसलेली होती. कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘थेट’. खाली पट्टी नाही, काही नाही.

"तुम्ही... तिकडे आहात ना?" दुकानदाराने विचारलं आणि तो गल्ल्यापासून एक पाऊल मागे सरकला.

"ते खोटं आहे. चित्रपट आहे तो," ती म्हणाली.

त्याच वेळी टीव्हीतली ठमी म्हणाली, "ते काळजीने, गोड बोलतील." दुकानदाराने हातानेच तिला बाहेरची वाट दाखवली आणि ती पायरी उतरेपर्यंत मागे शटर खाली आलं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या रस्त्यावर कळलं. चालता चालता तिने नानांना फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. उचलणार कसे, तिनेच बजावलं होतं. मग साहेबांना लावला.

"थांबवा ते. आत्ताच्या आत्ता."

"अहो, इथे फोनवर फोन येताहेत. शहर हादरलंय. आता कसं थांबवू?"

"रविवारी होतं ना?"

"रविवारी सामना आहे. कोण बघणार?"

"पट्टी कुठे गेली?"

"पट्टीने मजा जाते, असं दिग्दर्शकाचं म्हणणं पडलं. बघा ना, बरोबरच होतं त्याचं."

ती काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते पुरं व्हायच्या आत साहेबांनी फोन ठेवला होता.

रस्त्यावर खिडक्या पटापट लागत होत्या. कोपऱ्यावरच्या घरासमोर एक बाई आपल्याच नवऱ्याला दाराबाहेर उभं करून खिडकीतून त्याची उलटतपासणी घेत होती. एरवी ठमीला हसू आलं असतं. ती पळत होती. बातम्या देणाऱ्या बाईला पळताना शहराने कधी पाहिलं नव्हतं आणि आज पाहायला रस्त्यावर फारसं कुणी उरलं नव्हतं.

तिच्याकडे किल्ली होती, पण आतून कडी लागलेली. तिने थाप मारली आणि आत टीव्हीचा आवाज एकदम बारीक झाला.

"नाना, मी आहे. दार उघडा."

दारातल्या छोट्या भिंगामागे अंधार झाला. नाना बघत होते.

"निघून जा," ते म्हणाले. आवाज फाटलेला होता. "माझी मुलगी टीव्हीवर आहे. मला दिसतेय ती."

"ते आधीच चित्रित केलेलं आहे. मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"पट्टी असेल म्हणाली होती. पट्टी नाहीये. आणि चष्मा काढलाय तिने."

दारापलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता, छातीत शिट्टी वाजल्यासारखा. गोळ्यांचं पाकीट तिच्या पिशवीत, पिशवी दाराच्या या बाजूला. ती एकदम मऊ झाली. आजारी माणसाशी बोलतात तशी बोलू लागली. "नाना, तुम्हाला धाप लागलीय. गोळी आणलीय मी. माझे नाना ना तुम्ही? आई गेली तेव्हा तुम्ही मला कुशीत घेऊन ओसरीवर बसला होतात, आठवतं? उघडा ना. लवकर उघडा."

आत काहीतरी जड फरफटत दाराशी आलं. खुर्ची असावी. नाना दाराला अडसर लावत होते.

घरातल्या गोष्टी. काळजीचा स्वर. गोड बोलणं. घाई. एकेक करून तिने सगळं केलं होतं, तिच्याच हाताने सुधारलेल्या वाक्याबरहुकूम. आपण शहाणपणा करून बापाला कोंडून घातलं, आणि त्याचं कौतुकही करून घेतलं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचा ताबा सुटला.

"खुर्ची लावताय?" तिने दारावर मूठ आपटली. "ती खुर्ची मोडकी आहे, किती वेळा सांगितलं, बसूही नका तिच्यावर. आणि ती कडी. महिनाभर ओरडतेय मी, तेल घाला, तेल घाला. कान आहेत की नुसती शोभा? सकाळी न्हाणीघरातला नळ परत उघडा टाकलात. गोळी संपलीय हे मला काल सांगितलंत, अगदी शेवटची तोंडात टाकल्यावर. जीव टांगणीला लावायचा ठेका घेतलाय का तुम्ही? आता मुकाट्याने दार उघडताय, की फोडू?"

वरच्या मजल्यावरचं एक दार किलकिलं होऊन परत लागलं. मग खुर्ची सरकली. कडी नेहमीसारखी कुरकुरली आणि दार उघडलं.

"अशी ओरडणारी जगात एकच आहे," नाना म्हणाले आणि भिंतीला धरून खाली बसले.

तिने त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली. छातीवरून हात फिरवत राहिली. हळूहळू शिट्टी थांबली, ओठांना रंग आला. समोर टीव्हीत ती शांतपणे सांगत होती की दार उघडू नका. नाना एकदा तिकडे बघत होते, एकदा हिच्याकडे.

"मग ही टीव्हीतली कोण?" त्यांनी विचारलं.

तिने उठून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पेढे नव्हते, एवढंच. बाकी सगळा लग्नाचा थाट. दिग्दर्शकाची पाठ थोपटून थोपटून लाल झाली असेल. वाहिनीच्या फोनवर रात्रभर लोकांनी शिव्या घातल्या होत्या, कुणी पायऱ्यांवरून पडलं होतं, कुणी पोराला बाहेरच ठेवलं होतं. साहेब म्हणाले, "चर्चा होतेय. दुसरा भाग करू या."

"माझे वडील काल मेले असते," ती म्हणाली.

"पण मेले नाहीत ना," साहेब म्हणाले, आणि हे ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "माफीबिफी सध्या नको. दुसऱ्या भागाची हवा जाईल. तुम्ही रोजच्यासारख्या बातम्या द्या."

तिने दिल्या. पाऊसपाणी, सभा, बाजार, सामना, सगळं रोजच्या सुरात. शेवटचं पान संपलं. निरोपाचं वाक्य बोलायच्या जागी तिने कागद बाजूला सारले. चष्म्याकडे हात गेला. तिने हात तिथूनच मागे घेतला; चष्मा नाकावरच राहिला.

"काल या खुर्चीवरून जे सांगितलं गेलं ते खोटं होतं," ती म्हणाली. "ते ‘थेट’ नव्हतं. पट्टी मुद्दाम काढली होती. साहेबांनी काढली, दिग्दर्शकाने काढायला लावली, आणि तोंड माझं होतं. ज्यांनी आपल्या माणसाला काल दाराबाहेर ठेवलं, त्यांनी ते माझं ऐकून ठेवलं. लाज वाटते मला. आणि राग येतो, इतका की मला धड बोलता येत नाहीये." खरंच येत नव्हतं. आवाज चढला होता, मान थरथरत होती. या पडद्यावर शहराने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. काचेपलीकडे साहेब हात हलवत होते. नियंत्रण कक्षातल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने मात्र तिचं बोलणं संपेपर्यंत बटणाला बोट लावलं नाही.

नोकरी तिथेच संपली. कपाटातला जास्तीचा चष्मा पिशवीत टाकून ती घरी निघाली. इतकं मोकळं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. नानांनी पाहिलं असणार. आणि तिचा राग तर त्यांना डोळे मिटूनही ओळखू आला असता.

दाराला आतून कडी नव्हती. नाना जेवत होते. ताट अर्धं संपलेलं. टीव्ही चालू होता.

"पाहिलंत?"

"पाहिलं ना," नाना म्हणाले. "छान बोललीस. राग तर अगदी घरच्यासारखा."

तिला हसू फुटणार, तेवढ्यात त्यांनी घास उचलला.

"हे कुणी लिहून दिलं होतं?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.