अर्धी बातमी

भर दुपारी सीताबर्डीच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. साड्यांच्या घड्या घालता घालता दिपालीने मोबाइल पाहिला आणि तिचा हात थांबला. पडद्यावर तिची चुलत बहीण मिनल होती, परदेशातल्या भारतीय वकिलातीत मोठ्या हुद्द्यावर असलेली. युद्ध पेटलेल्या एका देशाकडे बेकायदा शस्त्रं गेली, त्या व्यवहाराच्या कागदांवर मिनलची सही आहे, असा आरोप होता. सही बनावट आहे, असं मिनलचं म्हणणं. चौकशी सुरू होती.

दिपालीला धक्का बसला, पण त्याआधी बरं वाटलं.

दोघी गोळीबार चौकात, विणकरांच्या एकाच घरात वाढल्या. दहावीत दिपालीला अकरा मार्क जास्त होते. पण हातमाग बंद पडले आणि समाजाच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या बापाच्या गळी उतरवलं, पोरगी उजवून टाका. सतराव्या वर्षी ती बोहल्यावर चढली. मिनलची आई कौशल्या मात्र हटून बसली, म्हणून मिनल शिकली. तिची नवी नेमणूक कळली की दिपालीला त्या दिवशी घास गिळवत नसे.

तिने बातमी समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. मिनलचा खुलासा तेवढा गाळला.

आठवडाभरातच समाजभवनात बैठक बसली. कौशल्याकाकूंच्या शेजारच्या बाया सरकून दूर बसल्या. अध्यक्ष केशवराव म्हणाले, "या घराशी जाणंयेणं बंद. पोरीले लय शिकवलं का असंच होते. बारावी झाली का लग्न लावून टाका."

दिपालीच्या नवऱ्याने, सुशीलने मान डोलावली. "बराबर हाय. आमच्या मयुरीचं शिक्षण आता पुरे. सावनेरचं स्थळ आलंच हाय."

मयुरीने आईकडे पाहिलं.

दिपाली उठली. "ते बातमी मी टाकली. अर्धीच टाकली. सही माही नाही असं मिनल म्हणून राहिली, ते मी कापलं."

"काहून वं?" सुशील ओरडला.

"जळत होती मी तिच्यावर! पण तिनं माह्यं काही नेलं नाही. नेलं ते तुमच्या या बैठकीनं, केशवभाऊ. मिनलनं गुन्हा केला असन तर कोर्ट पाहून घेईन. माही पोरगी शिकन. अन् कोणाले वाळीत टाकणं गुन्हा हाय, मी ठाण्यात जाईन."

बाहेर ती काकूंच्या पाया पडायला वाकली. काकूंनी पाय मागे घेतले.

"मिनलची पुस्तकं घरी पडून हायेत. मयुरीले पाठव. तू नको येऊ."

मयुरी काकूंचा हात धरून पुढे निघाली. तिच्या पाठीकडे पाहताना दिपालीच्या छातीत तीच जुनी हेव्याची कळ उठली, पोटच्या पोरीबद्दल! तिला स्वतःचीच शरम वाटली.

मिनलची चौकशी अजून संपलेली नाही. दिपाली मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी ठाण्यात गेली. हवालदाराने विचारलं, "बाई, कोणाकोणाविरुद्ध तक्रार हाय?"

तिने पहिलं नाव स्वतःचं सांगितलं.