पिक्चरातली घुगरी

"काढतो," लालीबाई म्हणाली. "पण पिक्चर पाहून आल्यावर."

तांड्याचा मुखिया खेमसिंग नायक याने तोंडाजवळ नेलेली चिलीम खाली घेतली. त्याच्या अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नवरा मेलेल्या बाईने घुगरी कधी उतरवायची, एवढ्या एका गोष्टीसाठी सकाळी सकाळी तांडा जमला होता. त्यात पिक्चर कुठून घुसलं हे कोणाला कळेना.

"कोनतं पिक्चर?" नायकाने विचारलं.

"बंजारनचं. ढाणकीले पुन्हा आलं. बजारात गेलती, तवा भोंग्यावर सांगून राह्यले होते."

"तू पिक्चर पाह्यल्यानं देवसिंग वापस येते काय, लाली?"

"तुमी म्हनता तो मेला. मी म्हनतो मढं दाखवा, तर मढं कोनापाशीच नाई. मले एक डाव पाहू द्या. पाहून आली का मी सोता सांगतो."

तांड्यात घरोघरी बंजाऱ्यांची गोरबोली चालते आणि बाजारात वऱ्हाडी. मी सगळं वऱ्हाडीतच सांगतो आहे, नाहीतर निम्म्या वाचकांना काही कळायचं नाही. वऱ्हाडीत बाईही 'मी काढतो'च म्हणते. घुगरीचंही सांगून टाकतो. खायच्या घुगऱ्या त्या वेगळ्या. ही घुगरी म्हणजे दोन्ही कानांजवळ केसांत गुंफलेले चांदीचे घोस. बंजाऱ्याच्या पोरीच्या डोक्याला ते लग्नात चढतात आणि नवरा गेला की उतरतात. मंगळसूत्र पदराखाली झाकता तरी येतं. घुगरी चालताना वाजते आणि अख्ख्या तांड्याला ऐकू जाते. देवसिंग गेल्याची खबर आषाढात आली होती. आता माघ लागला होता, तरी लालीबाई पाण्याला निघाली की ती वाजतच होती. ती उतरली की पुढचंही ठरलेलं होतं. रीतीप्रमाणे लालीला धाकट्या दिराच्या, भावसिंगच्या नावाने करून द्यायची. नायक काही दुष्ट माणूस नव्हता. एकट्या बाईचं काय करायचं याचं त्याच्याकडे एवढं एकच उत्तर होतं.

"जा बाप्पा," तो शेवटी म्हणाला. "उद्या पाहून ये. परवा सकाळी घुगरी निंगली पायजे."

हे पिक्चर ढाणकीत पहिल्यांदा आलं ते त्याच्या आदल्या हिवाळ्यात. बाजाराच्या मैदानात तंबू ठोकला होता. एका जुन्या जाड कादंबरीवरून काढलेलं, राजेरजवाड्यांच्या काळातलं पिक्चर. त्याचं खरं नाव लांबलचक आणि उर्दू होतं, ते ढाणकीत कोणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे म्हणत, बंजारनचं पिक्चर. एक राजपुत्र असतो, किल्ल्याला मीठ आणि धान्य पुरवणाऱ्या लमाणांच्या तांड्यातली एक पोर असते, आणि दोघं घरच्यांना न सांगता एका पडक्या देवळात लग्न करतात.

देवसिंग आणि लाली पोचले तेव्हा हे लग्नच चाललं होतं. चूक देवसिंगची. निघताना लाली सारखी घाई करत होती आणि हा बैलांना निवांत पाणी पाजत होता. "सारे जमल्याबिगर कसे चालू करतीन?" असं त्याचं म्हणणं. तांड्यात लग्न असो की भजन, सगळे आल्याशिवाय काही सुरू होत नाही. तंबूवालेही तसेच थांबतील असं तो धरून चालला होता. तो पिक्चरचा शेवटचा दिवस होता, त्यामुळे हुकलेली सुरुवात पुन्हा पाहायची सोय नव्हती.

पण जेवढं पाहिलं तेवढ्याने लाली खुळावली. मीठ लादलेले शेकडो बैल पडद्यावरून चालले होते. त्यांच्या शिंगांना कवड्या होत्या, गळ्यात घंटा होत्या, आणि मागे फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, घातलेल्या बाया. ढाणकीत कुठे चोरीबिरी झाली की फौजदाराचा माणूस आधी तांड्यात यायचा. आणि इथे खुद्द राजपुत्र तांड्यातल्या बाईपुढे हात जोडून उभा होता. लालीचा आजा लदेणीचे, म्हणजे पाठीवर माल लादलेले, बैल घेऊन पार नर्मदेपर्यंत गेलेला. त्याच्या गोष्टी तिला थापा वाटायच्या. त्या सगळ्या खऱ्या होत्या, आणि मोठ्या होत्या, हे तिला त्या तंबूत जमिनीवर बसून कळलं. ती रडली, तेही मोठ्याने. शेजारच्या बाईने तिला गप्प बस म्हटलं तरी तिला ऐकू आलं नाही.

शेवटी राजपुत्र लढाईवर जातो. घोडा एकटाच परत येतो. कोणीतरी त्याची पगडी आणून तिच्या हातात देतं. ती पगडी छातीशी धरते आणि बैलांच्या मागे चालायला लागते. बस, संपलं. चालताना तिच्या कानांजवळ घुगरी हलत असते.

बाहेर पडल्यावर शाळेतले बळीराम गुरुजी दिसले. त्यांनी ती कादंबरी वाचली होती आणि हे ते सगळ्यांना सांगत होते.

देवसिंगने विचारलं, "गुरुजी, तो राजाचा पोऱ्या जित्ता हाय ना?"

"मेला ना बाप्पा. पुस्तकात त्याच्या चितेचं दोन पानं वर्णन हाय."

"कसा मरन? तिच्या डोक्याले घुगरी हाय. आमच्यात नवरा मेल्यावर घुगरी राह्यतच नाई."

गुरुजी हसले. "पुस्तकात घुगरीच नाई, देवसिंग."

"पुस्तकाचं तुमी पाहा. पिक्चरमधी तो जित्ता हाय. तिले मालूम हाय, म्हून तिनं काढली नाई."

लालीला हे इतकं पटलं की गाडीत बसल्यावर तिने नवऱ्याचा हात धरला, आणि तांडा येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर तिने ते पिक्चर तांड्यातल्या बायांना किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. गोवऱ्या थापताना, कपाशी वेचताना, ऊन खात बसलेली असताना. न पाहिलेली सुरुवात तिने स्वतःच्या पदरची घातली. राजपुत्राचा घोडा तहानलेला असतो, ती विहिरीवर पाणी काढत असते, आणि तो म्हणतो, आधी घोड्याले पाज, मग मले. देवसिंग तिला पाहायला आला होता तेव्हा असंच काहीसं झालं होतं. घोड्याच्या जागी बैल होता एवढंच. बाया ऐकत. कुडाच्या पलीकडे सासू रूपीबाई कापूस सोलत बसलेली असायची. लाली तिला याडी, म्हणजे आई, म्हणायची. ती कधी यायची नाही. "कामं नाईत रांडांयले," एवढंच तिकडून ऐकू यायचं.

होळी झाली आणि देवसिंग तांड्यातल्या किसनसिंगबरोबर राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला गेला. आषाढात किसनसिंग एकटाच परत आला. त्याने नायकाच्या अंगणात बसून सांगितलं. खालच्या बाजूला एकदम पाणी फुटलं, आत चार जण होते, त्यांत देवसिंग. पाणी उपसता येईना म्हणून शेवटी तो रस्ता विटांनी बांधून बंद केला.

"तू पाह्यलं त्याले मेलेलं?" लालीने विचारलं.

"भिंतीच्या अंदर हाय तो, भोजाई. पाहाचं कसं?"

"मंग नाई पाह्यलं."

लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. पिक्चरच्या नादाने झाला असंही म्हणाले. लाली मात्र अगदी शांत होती. तिच्यासमोर पिक्चरमधली ती बाई होती, तिच्याही नवऱ्याची नुसती पगडीच आली होती, आणि तिने घुगरी काढली नव्हती. देवसिंगनेच तर समजावून सांगितलं होतं त्याचा अर्थ काय. जोवर आपल्या कानांजवळ ती वाजते आहे तोवर भिंतीच्या पलीकडे तो आहे, असं तिने मनाशी घट्ट धरलं. हे वेड आहे हे मलाही कळतं. पण दुसरं काय धरायचं तिने?

रूपीबाई रोज सकाळी एकदा म्हणायची, "काढ ते. लोक नावं ठेवतेत." पोराची खबर आली तेव्हा ती रडली नव्हती. बाया गळ्यात पडायला आल्या, हेल काढून रडल्या, आणि ही बैलाला पेंड चारत राहिली. दगडाच्या काळजाची आहे म्हातारी, असं तांड्याने ठरवून टाकलं.

ढाणकीला जायला भावसिंगने गाडी जुंपली. बावीस वर्षांचा, मोठ्या भावासारखाच उंच, पण बोलायचा कमी.

"भोजाई, मले बी हे नाई पायजे," तो समोर पाहतच म्हणाला. "तू मले जेवू वाढलं हाय. मी तुह्याकडं कसा पाहू तसा?"

"मले मालूम हाय."

"पन मी नायकापुढं नाई म्हनू शकत नाई."

"ते बी मालूम हाय."

या खेपेला लाली लवकर पोचली. तंबूचे दोर अजून ताणत होते तेव्हाच जाऊन बायांच्या बाजूला पुढे बसली. दिवे गेले, पडद्यावर अक्षरं आली, कुठूनतरी बासरी वाजली. तिने पदर सावरला. विहीर आता दिसेल, असं तिला खरंच वाटत होतं.

विहीर नव्हती. आंब्याच्या झाडाला झोका बांधलेला होता, आणि तीच बाई झोक्यावर उभी राहून गाणं म्हणत होती. मैत्रिणी तिला चिडवत होत्या, तुझं लग्न कधी, नवरा कसा पाहिजे. ती लाजत होती. लग्न व्हायचं होतं तिचं, राजपुत्र तिला अजून भेटलाही नव्हता. झोका पुढे आला की तिचं तोंड मोठं दिसायचं, आणि दोन्ही कानांजवळ घुगरी लोंबत होती.

लालीने डोळे पुसून पाहिलं. झोका मागे गेला, पुन्हा पुढे आला. घुगरी होतीच. तिला चिडवणाऱ्या कुवाऱ्या पोरींच्याही डोक्याला होती. एकीला तर एकाच बाजूला.

पिक्चर काढणाऱ्यांना काही माहीत नव्हतं. मुंबईला कोणीतरी पेटीतून दागिने काढले आणि चांगले दिसतात म्हणून सगळ्यांच्या डोक्याला अडकवले. शेवटी ती काढली नाही, कारण काढायची असते हेच कोणाला ठाऊक नव्हतं. राजपुत्र मेला होता. गुरुजी पहिल्याच दिवशी सांगत होते.

ती उठून गेली नाही. सगळं पिक्चर तिने पाहिलं. लग्न पाहिलं, बैल पाहिले, पगडी पाहिली. आणि सांगायला लाज वाटते, पण खरं ते सांगतो, ते तिला पहिल्याइतकंच आवडलं. त्या बाईचं चालणं तेवढंच सुंदर होतं. फक्त या वेळी त्यात देवसिंग नव्हता. तो राजूरला विटांच्या मागे, काळ्या पाण्यात होता, आणि सात महिने तिथेच होता.

गाडीत भावसिंगने विचारलं, "कसं होतं?"

"चांगलं होतं," ती म्हणाली.

सकाळी रूपीबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. लाली तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि तिने डोक्यावरचा पदर मागे सारला.

"याडी, काढ."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी म्हातारी हलली नाही. रोज सकाळी 'काढ' म्हणणारी ती.

"पाह्यलं काय पिक्चर?" तिने विचारलं. "सारं?"

"हो."

"अन् आखरीले तिच्या डोक्याले घुगरी हालते ना? तू सांगत होती बायांयले. तो जित्ता हाय म्हून तिनं काढली नाई, असं देवसिंग म्हने."

लालीने मान वळवली. रूपीबाईचे पिठाने भरलेले हात मांडीवर उघडे पडले होते. कुडाच्या पलीकडे बसून म्हातारीने सगळं ऐकलं होतं, आणि न पाहिलेल्या त्या पिक्चरवर तीही सात महिने जगली होती. सून पाण्याला गेली की ती घुगरीचा आवाज ऐकत बसत असणार.

झोक्याचं सांगता आलं असतं. मुंबईच्या पेटीचंही सांगता आलं असतं.

"नाई याडी," लाली म्हणाली. "त्या खेपी तुकडा कापेल होता. या खेपी पुरं दाखवलं. तिनं काढली."

"सोताच्या हातानं?"

"नाई. सासूनं काढली."

रूपीबाईने तवा चुलीवरून उतरवला.

"थे रडली काय, सासू?"

"रडली. लय रडली."

म्हातारीच्या तोंडून आधी नुसता श्वास निघाला, मग हेल निघाला, मग पोराचं नाव. बाहेर बैल सोडत असलेला भावसिंग तिथेच थांबला. शेजारच्या झोपड्यांतून बाया दाराशी आल्या, पण आत कोणी आलं नाही. रूपीबाईने फेटियाला हात पुसले, सुनेच्या मागे गुडघ्यांवर बसली, आणि रडता रडताच तिच्या केसांतली गाठ शोधू लागली. तेल नसल्याने केस ओढले जात होते. लाली मान खाली घालून बसून राहिली.

डावीकडची आधी सुटली.