फुकटची शाबासकी घेतलेला मनीप्लांट

मित्रांनो, मी एक जुना मनीप्लांट आहे आणि मला माझी लाज वाटते. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना आपण किती उपयोगी पडलो ते सांगतात. मी सांगणार आहे ते न केलेल्या कामाबद्दल.

मी राहतो नंदुरबारला, मिरचीच्या पथारीशेजारी. पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मोठं मैदान. हिवाळ्यात तिथे मिरची उलटीपालटी करायला लागले की आळीभर ठसके सुरू होतात. म्हणून इथली घरं चार महिने खिडक्या गच्च लावून घेतात. आमचे मालक राजेंद्रभाऊही तेच करत.

भाऊंचा जीव माशांच्या टाकीत. त्यात सहा एंजल मासे. एका हिवाळ्यात मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. भाऊंनी पाण्यात तपासणीचे थेंब टाकले. हिरवा यायचा तो रंग पिवळा आला, म्हणजे पाण्याचा पीएच घसरलेला. मोबाइलवर कुणीतरी त्यांना सांगितलं की बंद खोलीत माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात उतरतो आणि पाणी आंबट होतं. हे खरं होतं. पुढे सांगितलं की चार झाडं ठेवा, ती सगळा वायू पिऊन टाकतील. भाऊंनी नर्सरीतून नऊ कुंड्या आणल्या. त्यातला मी एक.

आठवड्यात थेंबांचा रंग पुन्हा हिरवा! भाऊंनी आमचे फोटो काढले. पाहुणा आला की त्याला माझ्यापुढे उभं करत आणि म्हणत, "याच पठ्ठ्यानं मासे वाचवले." मी फुगलो. नवी पानं काढली.

आता खरं ऐका. त्याच आठवड्यात घरकामाला जसोदाबाई लागली होती. ती रोज सकाळी केर काढताना मागची खिडकी सताड उघडायची आणि फरशी वाळेपर्यंत उघडीच ठेवायची. कोंडलेली हवा जायची, ताजी यायची. पाणी सुधारलं ते त्यामुळे. आम्ही नऊ कुंड्या मिळून एका माणसाचा श्वाससुद्धा पुरा पिऊ शकत नाही. उजेड गेला की उलट आम्हीही तोच वायू सोडतो. हे मला ठाऊक होतं. मला तोंड नाही, ही सबब मी स्वतःला बरीच वर्षं दिली.

मागच्या हिवाळ्यात मिरचीची धूळ सोफ्यावर बसली, म्हणून भाऊंनी मागच्या खिडकीला चिकटपट्टी मारली. जसोदाबाई म्हणाली, "भाऊ, वारा येऊ द्या. मासासले बी वारा जोयजे."

भाऊ हसले. "मासा काय पंखाखाल बसतस का? त्यासना करता झाडं लायेल शेतस ना!"

आठ दिवसांत तीन मासे उलटे तरंगले. भाऊंनी घर पालथं घातलं आणि न्हाणीघरात फिनेलची बाटली सापडली. फरशीचंच फिनेल होतं ते! पण भाऊंनी जसोदाबाईला फाटकाबाहेर नेलं आणि आळीतल्या बायांसमोर ओरडले, "तुनीच फिनेलना हात टाकीमा घाला! मासा मारात तू मन्हा!"

"मी पानीले हात बी लायेल नही," ती म्हणाली. "खिडकी बंद करी तवयपाईन मासा वर तोंड करी ऱ्हायनात."

"माले शिकाडस?"

ती गेली. दुसऱ्या दिवसापासून आळीत कुणीच तिला घरात घेईना. मी खिडकीजवळ हिरवागार उभा होतो. धिक्कार असो माझ्या हिरवेपणाचा!

भाऊंच्या पत्नी गायत्रीताई मात्र गप्प बसल्या नाहीत. त्यांनी टाकीतलं पाणी दोन पेल्यांत काढलं. एक पेला खोलीत ठेवला, एक अंगणात. संध्याकाळी दोन्हींत थेंब टाकले. आतलं पाणी पिवळं, बाहेरचं हिरवं. "फिनेलनं बिघडलं असतं तर बाहेर ठेवून सुधारलं असतं का हो?" त्यांनी विचारलं. ताईंनी चिकटपट्टी टरकावली.

निरोप गेला. जसोदाबाई फाटकापर्यंत आली, तिथेच थांबली.

"व्हई गयं ते व्हई गयं," भाऊ खालमानेनं म्हणाले. "आते मझार ये."

"जठे बोलनात तठेच सांगा. मंग येसु."

भाऊ चपलेनं माती उकरत राहिले. ती वळली. तेवढ्यात गायत्रीताई भर रस्त्यावर जाऊन ओरडल्या, "ऐका वं समद्या! जसोदामावशीनी काहीच टाकेल नव्हतं! मासा आम्हीन मारात, खिडकी बंद करीसन!"

ओट्यावर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांचे हात थांबले. जसोदाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि आत आली.

मित्रांनो, घरात झाडं जरूर लावा, पण आमच्या भरवशावर खिडक्या बंद करू नका. आणि दुसऱ्याच्या कामाची शाबासकी तुम्हाला मिळाली, तर माझ्यासारखी पानं फुगवत बसू नका. तुम्हाला तोंड आहे. राजेंद्रभाऊंनाही आहे. ते रोज मला पाणी घालतात, बाजूला जसोदाबाई केर काढत असते, आणि ताईंनी रस्त्यावर ओरडून सांगितलेलं ते वाक्य त्यांनी स्वतः अजून एकदाही म्हटलेलं नाही.