इस्त्रीने वाकलेली पाटी

मी बोलतेय, खुंट्यांची पाटी. वीतभर चौकोनी, पांढऱ्या प्लॅस्टिकची, अंगभर बारीक खुंट्या. प्रत्येक खुंटीवर एकेक पोकळ मणी बसवायचा, चित्र पुरं झालं की वर बटर पेपर ठेवून इस्त्री फिरवायची. मणी एकमेकांना चिकटतात, चित्र उचलून निघतं आणि मी पुन्हा मोकळीच्या मोकळी. आमच्या स्वीडनमध्ये लेकरू आहे आणि घरात माझ्यासारखी पाटी नाही, असं सहसा होत नाही.

माझी पहिली पोरं मोठी झाली तशी मला चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात देऊन टाकली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तिथून सात वर्षांच्या एब्बाने मला उचललं, मण्यांसकट आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात कोंबलं आणि थेट आजोबांकडे नेलं.

हिल्डिंग आजोबांनी जन्मभर बस चालवलेली. हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात पुन्हा हलू लागला, पण चिमटीत काही धरलं की थरथरायचा. त्यांचा मुलगा रिकार्ड, म्हणजे एब्बाचा बाबा, धास्तावला होता. त्याने इस्त्री कपाटाच्या वर टाकली, सुऱ्या स्वतःच्या घरी नेल्या आणि वृद्धाश्रमात एक खोली बघून ठेवली. महिनाअखेर होकार कळवायचा होता. आजोबांना घर सोडायचं नव्हतं. पण तसं ठणकावून सांगायला त्यांचा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता.

"हा पोरखेळ आहे," मला बघून ते म्हणाले.

"म्हणूनच सोपा आहे," एब्बा म्हणाली. "बसा."

एब्बा दर बुधवारी शाळा सुटल्यावर यायची. पहिल्या बुधवारी अकरा मणी बसले, बाकीचे फ्रिजखाली गेले.

"आजोबा, काठापासून नाही, मधून सुरू करा. काठाचे तुमच्याच कोपराने उडतात."

"बस चालवताना मला कोणी असं शिकवलं नव्हतं."

"म्हणून तर बस उशिरा यायची, बाबा सांगतो."

आजोबा हसले. माणसं शिकताना चिडतात आणि खोड पाटीची काढतात, हे मी पुष्कळ पाहिलंय. या माणसाने मात्र मला कधी बोल लावला नाही. मनगट टेबलावर टेकवायचं, श्वास रोखायचा, मणी खुंटीवर सोडायचा. तीन आठवड्यांत माझ्या अंगावर लाल बस उभी राहिली.

"चाकं चौकोनी झाली गं."

"मण्यांची चाकं अशीच असतात."

मग एब्बाने बटर पेपर पसरला आणि हात मागे बांधून उभी राहिली. "इस्त्री मोठ्यांनी करायची. आमच्या शाळेत तसाच नियम आहे."

"रिकार्ड येईल तुला न्यायला. तो करेल."

"बाबा कशाला? तुम्ही मोठे आहात ना?"

झटका आल्यापासून त्यांना कोणी मोठं म्हटलं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने कपाटावरून इस्त्री खाली काढली. पण फिरवायला घेतली ती उजव्याने. हळूहळू, गोल गोल. बस छान जुळत आली. शेवटच्या कोपऱ्यात बोटं आखडली आणि इस्त्री तिथेच थांबली. चटका थेट माझ्यापर्यंत आला, माझी एक कड लोण्यासारखी खचली. आजोबांनी डावा हात घालून इस्त्री उचलली, उभी ठेवली, प्लग काढला.

तेवढ्यात रिकार्ड आत आला. "कसला वास येतोय? इस्त्री कोणी केली?"

"मी," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र थरथरत नव्हता. "पाटी वाकली. प्लग काढलाय, एब्बा लांब उभी होती. आणि रिकार्ड, त्या खोलीला नको म्हणून कळव."

रिकार्डने पुढे होऊन बस हातात घेतली, उलटीसुलटी केली. एक कोपरा पार सपाट झाला होता.

"पुढच्या वेळी मी शेजारी बसेन, बाबा," तो म्हणाला. "हात लावणार नाही. नुसता बसेन."

आता आजोबांच्या त्याच घरात नवी पाटी आलीय. माझ्यावर मणी ठरत नाहीत, म्हणून मी खिडकीत फुलांच्या कुंडीखाली असते. जागा उन्हाची आहे, तक्रार नाही. तुमच्या घरातही कोणाचा हात असा थरथरत असेल, तर त्याच्याजवळ बसा, पण हातातलं काम काढून घेऊ नका. एखादी पाटी वाकेल. वाकू द्या. आमचं काय, आमच्यासारख्या दुसऱ्या मिळतात.