न मोजलेला कॉम्प्युटर

उन्मेषभाऊंनी शटर खाली ओढलं, आतून कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली. "चोर सापडल्याबिगर कोणी घरी जाणार नाही," ते म्हणाले. म्हणाले सगळ्यांना, पण पाहिलं फक्त मेघाकडे.

कळमन्यातल्या या धान्याच्या अडतीत दसऱ्याच्या सकाळी मुहूर्ताची पहिली पावती निघते आणि मग सुट्टी होते. यंदा पावतीच निघेना. कालपासून मुख्य कॉम्प्युटर घडीघडी रुसून बसत होता आणि पडद्यावर तक्रार एकच: तुमचा पत्ता दुसरं कोणीतरी वापरत आहे. म्हणजे नेटवर्कवर एक अनोळखी कॉम्प्युटर शिरला होता आणि मुख्य कॉम्प्युटरचंच नावगाव सांगत होता. शेजारच्या अडत्यानं हेर बसवला, असा मालक उन्मेषभाऊंचा शोध. आणि काल खंडेनवमीच्या पूजेला सगळे माडीवर गेले तेव्हा खाली एकटी कोण होती? कॉम्प्युटर सांभाळणारी, अजून नोकरीत पक्की न झालेली मेघा. तिच्या घरी बुद्धवंदना होते. पूजेला तिला कोणी बोलावलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. एवढ्या भांडवलावर ती चोर ठरली.

तिकडे तिची आजी जिजाबाई नरखेडकडच्या एसटीनं येऊन स्टँडवर उतरली होती. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ती दीक्षेच्या सोहळ्याला आली, तेव्हापासून तिचा दसरा चुकला नव्हता. मेघा चालायला लागल्यापासून दोघी त्या जागी बरोबरच जायच्या. यंदा म्हातारीचे गुडघे गेले होते.

"आजी, मले उशीर होऊन राहिला. चोर सापडल्याबिगर सोडत नाही म्हणते मालक, कोंडून ठेवलं आम्हाले. तू गावच्या बायांसंगं निघून जाय," मेघा फोनवर हळूच म्हणाली.

"नाही जात वं. हे माह्यं शेवटचंच समज. मी इथंच बसून राहिली. तू ये, मंग जाऊ."

शटरच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती. मेघाचा जीव गुदमरत होता. या लोकांसमोर तिला रडायचं नव्हतं.

"सगळे कॉम्प्युटर बंद करा," ती म्हणाली. "मुख्य पण."

सगळे बंद झाले. मग तिनं आपल्या लॅपटॉपवरून त्या पत्त्याला हाक दिली. बंद ऑफिसातून कोणीतरी ओ दिली.

ती टेबलाखाली शिरली. सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात त्या डब्यातून एकेक वायर काढून परत लावू लागली. एक पिवळी वायर काढली आणि ओ थांबली. लावली, पुन्हा सुरू. वायर हातानं चाचपत ती निघाली. भिंतीवरून जिन्याकडे, जिन्यावरून माडीकडे.

"ताई, वर काही नाही," शिपाई देवराव मागून म्हणाला. "वर बाबूजींचं देवघर आहे."

बाबूजी म्हणजे उन्मेषभाऊंचे वडील मारोतराव. त्यांच्या खोलीत चौरंगावर अडतीचा पहिला कॉम्प्युटर विराजमान होता. हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात आपट्याची पानं. आणि महाराज चक्क चालू! आतला पंखा घरघरत होता.

"सकाळी मी कॉम्प्युटर मोजले, तवा हा काहून नाही सांगितला?"

"हा कॉम्प्युटर कुठं आहे, ताई? हा तं पूजेतला," देवराव म्हणाला, आणि खरोखरच त्याच्या मनात खोट नव्हती. काल सगळ्यांनी त्या कॉम्प्युटरला हात जोडले होते, मोजताना मात्र तो एकालाही आठवला नाही.

"अधू यंत्र पुजत नाहीत," चौरंगाशेजारी बसलेले मारोतराव ठासून म्हणाले. "म्हणून दरसाल सगळ्या वायरी लावून चालू करतो मी."

दरसाल काही बिघडत नव्हतं. यंदा नवा मुख्य कॉम्प्युटर आला आणि त्याला या जुन्याचाच पत्ता दिला गेला. मग एका घरावर दोघे हक्क सांगू लागले.

"बाबूजी, बंद करा तो," मागोमाग वर आलेले उन्मेषभाऊ म्हणाले.

"दिवस बुडेपर्यंत हात लावायचा नाही कोणी."

खाली वाघ असलेले उन्मेषभाऊ वडिलांपुढे एकदम मवाळ झाले. मग मेघाजवळ सरकून पुटपुटले, "तू काढ ना वायर. तुले काय, तू तं मानत नाही."

काल जो हात नको होता, तो आज कामाचा ठरला. वायर काढली, तर वर्षभर अडतीत जे काही वाईट होईल ते तिच्या नावावर. नाही काढली, तर शटर बंद.

"याले मी हात लावणार नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वायरीचं दुसरं टोक खाली डब्यात आहे. ते काढा, बाबूजींचं यंत्र चालूच राहीन. पण काढा तुम्ही. सगळ्यांसमोर."

नवाकोरा पांढरा कुर्ता घालून उन्मेषभाऊ टेबलाखाली रांगले. पावती निघाली. टाळ्या पडल्या, पेढे फिरले. शटर उघडायचं मात्र कोणाला सुचेना. मेघा शटरपाशी हात पुढे करून उभी राहिली. उन्मेषभाऊंना माफी मागायची सवय नव्हती, त्यांनी त्या हातावर पेढा ठेवला.

"किल्ली," मेघा म्हणाली.

जिजाबाई स्टँडवरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "सापडला का वं तुमचा चोर?"

"सापडला. मालकाच्याच देवघरात बसला होता."

म्हातारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पदरानं डोळे पुसता पुसता थांबली. "मंग मालकानं तुले काहून कोंडलं होतं?"

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. मेघानं पिशवी खांद्याला अडकवली आणि आजीचा हात घट्ट धरला.

"चाल आजी," ती म्हणाली. "तिथं लाखाची गर्दी असन. पण मले मोकळं वाटन."