पियानोपुढचं बाक

तिहानानं पियानोच्या पट्ट्यांवरचे हात उचलले आणि बाकावर पुन्हा थोडं सरकून पाहिलं. मधोमध बसावं तर टोचत होतं. डावीकडे जावं तर वरचे सूर लांब राहत होते.

"पुरे," खिडकीपाशी बसलेले ओझ्रेन सर म्हणाले. त्यांच्या मिशीला क्रेमश्निटे केकची साय लागली होती. "एका पानावर अस्वल चालतं, दुसऱ्यावर चिमणी नाचते. पुन्हा अस्वल, पुन्हा चिमणी. उद्याच्या कार्यक्रमातून काढून टाकू हे."

"सर, पन्नास वर्षांत कुणी वाजवलेलं नाही."

"उगाच नाही वाजवलेलं!"

तिहानानं पानं नीट लावली. अपोलोनिया व्रबानेक या संगीतकार बाईचं नाव तिला संगीतशाळेच्या माळ्यावर भेटलं होतं, कुणा कारकुनानं उतरवून ठेवलेल्या सुट्या पानांवर. तेव्हापासून ती या विस्मृत बाईच्या नादी लागली होती. म्हणून तर आज सरांना ओढून सामोबोरला आणलं होतं, बाईच्याच घरी, बाईच्याच पियानोशी. उद्या हे वाजलं नाही तर पानं परत माळ्यावर जाणार. तिथून त्यांना पुन्हा कोण खाली आणणार?

बाईची भाची बारिका मावशी कॉफी घेऊन आत आली.

"भांडताय होय?" ती म्हणाली. "आमची आत्या जन्मभर एकटी राहिली. एकट्या माणसाचं वाजवणं असंच, स्वतःशी बोलल्यासारखं."

"मावशी, हे बाक एवढं टोचतं कसं?"

"कुणास ठाऊक. आत्या गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नाही."

तिहाना उठली. बाकाच्या जुन्या चामड्यावरून तिनं तळवा फिरवला. मध्ये उंचवटा होता, बांधासारखा. बांधाच्या अलीकडे एक खळगा, पलीकडे एक. दोन्ही बसून बसून गुळगुळीत झालेले.

तिचा तळवा तिथंच थांबला.

मग तिनं पानं ओढली. अस्वलाचं एक, चिमणीचं एक, शेजारी शेजारी मांडली. उभ्या रेघांमधली तालाची घरं बोटानं मोजली. सारखी! पुढची जोडी घेतली. तीही सारखी!

"सर, उठा!"

"अगं, कॉफी तरी..."

"राहू द्या ती कॉफी!" सरांशी तिचा आवाज असा कधी चढला नव्हता. "हे एकामागून एक नाही, एकदम वाजवायचं आहे! बाईंच्या मूळ वहीत ही पानं समोरासमोर असणार. डावं पान डावीकडच्याचं, उजवं उजवीकडच्याचं. कारकुनानं सरळ ओळीनं उतरवून काढलं. बसा इथं. तुम्ही अस्वल."

"मीच का?"

"शोभतं तुम्हाला."

सर कुरकुरत डाव्या खळग्यात बसले, ती उजव्या. आता काही टोचलं नाही.

खालून माती बोलू लागली आणि वरून झाडाची पानं उत्तर देऊ लागली. चिमणी नुसती नाचत नव्हती, अस्वलाच्या खांद्यावर बसली होती. आणि अस्वल जड पावलानं चालत होतं ते तिला पडू न देण्यासाठी. एके ठिकाणी सरांना उजवा हात तिच्या डाव्या हाताखालून न्यावा लागला, बोटं बोटांना लागली, आणि सूर असा उजळला की तिहाना मोठ्यानं हसली. सर मात्र हसले नाहीत. शेवटचा सूर विरेपर्यंत त्यांनी हात उचलला नाही.

"पुन्हा," ते म्हणाले. "पहिल्यापासून." मग खाकरून, "आणि उद्या मलाही काळा कोट घालावा लागेल. बटणं लागतात की नाही, देव जाणे."

तिहानानं त्यांच्या गळ्यात हात टाकले. मिशीवरची साय तिच्या गालाला लागली.

बारिका मावशी तबक धरून होती तिथंच उभी होती. कॉफी निवली होती.

"यूराय," ती पुटपुटली.

"कोण?"

"झाग्रेबचा. दर गुरुवारी यायचा, पियानो सुरात लावायला." मावशीची नजर डाव्या खळग्यावर होती. "आम्ही पोरं दाराआड हसायचो. म्हणायचो, मेला हा पियानो दर आठवड्याला बिघडतो तरी कसा!"