मिराबाईच्या फोनचे कुलूप

मी हिंगोलीच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यापासून शिरड शहापूरला असतो. फोनच्या पडद्यावर जे लिहिलेले असते ते मी दाबण्याआधी पूर्ण वाचतो, एवढ्यावरून मला त्यातले कळते असा गावात समज झाला आहे. तो खोडून काढणे मला जमलेले नाही.

सिद्धेश्वरच्या बाजूच्या तांड्यावरचा जगन आपल्या आईला मोटारसायकलवर घेऊन आला तेव्हा हळद काढणी चालू होती. आईचे नाव मिराबाई. दारात आल्याबरोबर तिने ओढणी हनुवटीच्या खाली ओढून घेतली. तांड्यावरच्या तिच्या वयाच्या बायका सासऱ्यासमोर आणि सासऱ्याच्या वयाच्या माणसांसमोर तोंड उघडे ठेवत नाहीत. मी त्यात मोडतो हे माझ्या थोडे उशिरा लक्षात आले.

बोलला जगनच. त्याची बहीण मीना पुसदकडे दिलेली आहे. सासरी तिचे धड चाललेले नाही. तिने माहेरी फोन लावला की नवरा तो फोनमध्ये पाहतो आणि संध्याकाळी चौकशी होते. माहेरहून आलेला चालतो. सासू सकाळी रानात गेली की मीना थोडा वेळ एकटी असते. तेवढ्यात आईचा फोन गेला पाहिजे. आधी मिराबाईच्या फोनला कुलूप नव्हते. जगनच्या धाकट्या लेकीने खेळता खेळता मीनाला फोन लावला आणि, आत्या, तू कायमची येणार हायस म्हणं, असे विचारले. तिकडे सगळे जेवायला बसलेले होते. त्यानंतर कुलूप आले, आणि आता ते कुलूपच मिराबाईला उघडत नव्हते. मधल्या काळात मीनाने शेजारणीकडून निरोप पाठवला होता, की याडीला मी नकोशी झाले का. जगन आईला याडी म्हणतो. हा निरोप सांगताना त्याने आईकडे पाहिले नाही.

मी फोन घेतला आणि वाचत बसलो. बाजूचे बटण घट्ट झाले होते, म्हणून पडद्यावर बोटाने दोनदा टकटक केली की तो जागा होईल असे करून दिले. हे मिराबाईला आवडले असावे, कारण तिने ते पुन्हापुन्हा करून पाहिले. बोटाचा ठसा मात्र घेता येईना. हळद काढून काढून बोटे खरबरीत झाली होती. आकडे ती ओळखते, पण काळ्या ओढणीतून ते दिसत नाहीत, आणि दिसले तरी ती दाबत असताना नात पाहून ठेवते. रेघांच्या नक्षीचेही तेच. नाव घेऊन फोन लावायला सांगता येते, हे मी जरा उत्साहाने सांगितले. त्यावर ती पहिल्यांदा बोलली, तेही जगनशी.

"मास्तरला म्हण, वरडून नाव घ्यायला मी काय बाजारात बसले का?"

राहिले तोंड पाहून उघडणारे कुलूप. ते जगनने आधीच लावून दिले होते आणि बिघडले आहे असे त्याचे म्हणणे होते. मी तिला करून पाहायला सांगितले. तिने माझ्याकडे पाठ केली, भिंतीसमोर ओढणी वर केली, आणि फोन लगेच उघडला. तीन-चारदा उघडला.

"हितं बराबर चालून राहिला," जगन म्हणाला. "घरी काहून न्हाई चालत?"

मी फोन उलटसुलट करून पाहिला. घर बदलले म्हणून फोन बिघडत नाही एवढे मला माहीत होते, पण तेही मी ठामपणे म्हणालो नाही. शेवटी सकाळच्या वेळी घरी येऊन पाहा, असे ठरले. मी मोटारसायकलवर बसायला घाबरतो. तरी गेलो.

तांडा टेकडीच्या कुशीत आहे. घरात रेंज येत नाही, अंगणात येत नाही. ओट्याच्या एका कोपऱ्यात तेवढी येते. त्या कोपऱ्यासमोर बाज होती आणि बाजेवर मिराबाईचे सासरे भीमसिंग बसले होते. वय ऐंशीच्या पुढचे, नजर चांगली. ते पहाटेपासून दिवे लागेपर्यंत तिथेच असतात, असे जगन म्हणाला. कोपऱ्याच्या दुसऱ्या अंगाला रस्ता होता आणि त्यावरून तांड्यातले म्हातारे ये-जा करत होते.

मिराबाई कोपऱ्यात जाऊन बसली. दोनदा टकटक केली. पडदा उजळला, त्याने तोंड मागितले, त्याला काळी ओढणी दिसली, आणि तो तसाच बंद राहिला. इकडे सासरा, तिकडे रस्ता. फोन ठणठणीत होता. जगनला हे इतके दिवस दिसले नव्हते, आणि मिराबाईने उघडत न्हाई एवढेच सांगितले होते. दुसरे काय सांगणार होती?

मला कळले होते, पण ते या घरात मोठ्याने म्हणण्याचा मला काय अधिकार, हे कळेना. भीमसिंगांनीच विचारले, मास्तर, कशापायी खपून राहिलात. मी आडवळणाने सांगितले, की हे कुलूप ज्याचा फोन त्याचे तोंड पाहिल्याशिवाय उघडत नाही.

म्हातारा फोनकडे वाकून पाहू लागला. मग म्हणाला, "सून घरात आली तवापासून तिचं तोंड मी पाह्यलं न्हाई. अन् ह्याला रोज दावावं लागतं?"

"व्हय," जगन म्हणाला.

"मंग माहं तोंड घाला त्यात. मी उघडून देत जाईन. हितंच तर बसून असतो."

जगनला हे एकदम पटले. फोनमध्ये दुसरे तोंड घालायची सोय होती; ती मी वाचली होती. म्हाताऱ्याने मिशा सारख्या केल्या. मी फोन त्यांच्यासमोर धरलाही. सोपा मार्ग सापडला असे मलाही क्षणभर वाटले.

"जगन," मिराबाई ओढणीआडून म्हणाली, "आज्याला सांग, मीनीशी बोलायला मी रोज कुनाची परवानगी मागनार न्हाई. कुलूप माहं हाय."

सासरा हाताच्या अंतरावर होता. जगनला काही सांगावे लागले नाही, आणि त्याने सांगितलेही नाही. मी फोन खाली घेतला. मला वाटले आता मोठे भांडण होईल आणि ते माझ्यामुळे होईल.

भीमसिंग काठी टेकून उठले.

"बाज फिरव," ते नातवाला म्हणाले.

जगनने कुठे म्हणून विचारले. त्यांनी काठीने घराची भिंत दाखवली. जगनने बाज फिरवली. मग ते म्हणाले की आता तुझी याडी माझ्या पाठीमागं भितीकडं तोंड करून बसंल, म्हंजे रस्ता तिच्या पाठीशी; रस्त्याकडं पाठ केली म्हणून मी काही मरत न्हाई. आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर गेल्या दिवाळीचा चुना होता, दुसरे काही नव्हते.

"मास्तर, तुमी उभे काहून? बसा हितं."

मी त्यांच्याशेजारी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे दोनदा टकटक झाली. मग ओढणी सळसळली, आणि मग घंटी जात असल्याचा आवाज आला.

"मीनी?" मिराबाई म्हणाली. नंतर ती त्यांच्या बोलीत भरभर बोलू लागली.

भीमसिंग खाकरले आणि मला एकदम मोठ्या आवाजात विचारू लागले, की शिरडला औंदा हळदीचं कसं काय हाय, गड्डा भरला का, पाणी कुठवर पुरलं. मला शेती नाही. ते त्यांना माहीत असावे. तरी मी जे सुचेल ते सांगत राहिलो, आणि ते दर वाक्याला आणखी मोठ्याने व्हय का म्हणत राहिले.